अक्काच्या निळ्या खिडक्या

आमच्या शेजारची अक्का सांगितलेल्या भावाला हो म्हणालेली मी कधी पाहिली नाही. भाजीवाली सोडाच, डॉक्टरांनी तीन इंजेक्शनं सांगितली तरी ही म्हणायची, "दोनात बसवा की, नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी." देवाशीसुद्धा तेच. एकवीस शनिवार बोलायची आणि अकरावर मिटवायची. बोहारणी गल्लीत शिरताना आधी अक्काचं दार बंद आहे ना, ते बघून घ्यायच्या. वयानं आईएवढी, पण आम्ही सगळ्या तिला अगं-तुगं करायचो. मला फार आवडायची ती.

अशा या बाईला धास्ती एकाच गोष्टीची होती, घरच्या महालक्ष्म्यांची. मुलगा-सून परदेशी, गुडघे गेलेले, आणि भाद्रपदात लक्ष्म्या उभ्या करायच्या म्हणजे जड स्टँड उचलायचे, साड्या नेसवायच्या, पुढं आरास मांडायची. "माझ्या मागं मुखवटे डब्यात पडून राहणार बघ," म्हणायची, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज खाली यायचा.

आरास मात्र बघण्यासारखी. नातवाचे परदेशी ठोकळे होते, एकात एक बसवून घरं करायचे. त्यांचं ती लक्ष्म्यांपुढं अख्खं गाव वसवायची. घरांना इवल्याशा निळ्या खिडक्या. एका वर्षी मी त्याचा फोटो स्टेटसला टाकला आणि झाली पंचाईत! कंपनीनं म्हणे त्या निळ्या खिडक्या बनवायच्या कधीच्या बंद केल्या होत्या, आणि जुनी खेळणी जमवणारी, चांगली नोकरीधंद्याची, पोटं सुटलेली माणसं एकाएकी त्यांच्या मागं लागली होती. इंटरनेटवर भाव रोज चढत होता. फोटो हातोहात फिरत गेला आणि दुसऱ्याच दिवशी टेंभुर्णीहून किरण नावाचा गडी दारात हजर. जुनी खेळणी घ्यायची आणि ऑनलाइन विकायची, हा त्याचा धंदा. टक्कल पडायला लागलेलं, पण खिडक्या बघून डोळे पोरासारखे झालेले.

"अक्का, तुमी म्हणाल ती रक्कम," तो म्हणाला.

"लक्ष्मीपुढं मांडलेलं विकतात होय रे मेल्या?"

गड्याचं तोंड उतरलं. अक्कानं ते नीट उतरू दिलं. मग हळूच म्हणाली, "बदल्यात मात्र देतात."

"भांडी आणू का?"

"भांड्यांनी माळा भरलाय. तू दरवर्षी लक्ष्म्या उभ्या करायला ये. वर्षाला एक खिडकी."

"एकच? लई कमी हुतंय की अक्का! म्हातारा हुईन मी."

बरीच घासाघीस होऊन दोनवर मिटलं. वर त्यानं येताना मंगळवेढ्याची ज्वारी आणायची. तो गेल्यावर अक्का मला म्हणाली, "मला दोनच द्यायच्या होत्या."

पहिल्या वर्षी त्यानं नेसवलेली साडी बघून ती ओरडली, "ही लक्ष्मी आहे का एसटीचा कंडक्टर?" पण गडी चिकट. पुढं पुढं हळदीकुंकवाला आलेल्या बायका, एवढ्या सुरेख निऱ्या कुणी घातल्या म्हणून विचारायला लागल्या, आणि हा आत पुरण ढवळत लाजायचा.

मग त्या कंपनीनं त्याच खिडक्या पुन्हा बाजारात आणल्या. भाव धाडकन खाली! मी अक्काला सांगायला गेले, तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "गप! त्याला कळलं तर यायचा नाही." आता धंदाच त्याचा, त्याला कळायचं राहतंय होय? त्या वर्षी लक्ष्म्यांना आला तेव्हा किरणनं मला जिन्यात गाठलं. "ताई, भाव पडल्याचं अक्काला सांगू नगा. त्यास्नी वाटंल, आता आपल्याकडं द्यायला काय न्हाय." त्यानंतर दरवर्षी दोघं त्या कवडीमोल खिडक्यांवरून अशी तावातावानं भांडायची, की मला तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळावं लागायचं.

गेल्या दिवाळीनंतर अक्का अंथरुणाला खिळली. तिनं किरणला बोलावून घेतलं. उरलेल्या दोन खिडक्या उशाशी काढून ठेवल्या होत्या.

"या पाहिजेत तर मुखवटेही न्यावे लागतील. सुटं मिळणार नाही." आवाज करडाच होता.

"अक्का, त्या खिडक्यास्नी आता कुत्रं इचारत न्हाय," किरण म्हणाला आणि रडायलाच लागला. "बायकोला इचारूनच आलोय. मुखवटे द्या."

"माहीत आहे रे मला. मग इतकी वर्षं आलास कशाला, गाढवा?"

संध्याकाळी मुखवट्यांचा डबा मांडीवर घेऊन तो एसटीत बसला.

संक्रांतीच्या तोंडावर अक्का गेली. तिच्या मुलाला कळवलं आणि लगेच किरणला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मला सुतक लागतं का हो?"

"नाही रे, तू कुठं घरचा..." म्हणता म्हणता मी थांबले.

"मग मी पाळलं तर चालंल की?"