गच्चीवरच्या अठ्ठेचाळीस काचा

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात माझ्या आईशी, मार्गारेटशी, भांडायची कुणाची छाती नाही. मासळीच्या लिलावात तिचा आवाज चढला की व्यापारी गप्प. मी एलिसा, तिची मुलगी. आवाज माझाही तसाच, पण मी एका प्रयोगशाळेत सोलरच्या काचांवर काम करते. समुद्रकाठी पॅनलवर मिठाचा खार धरतो, वीज कमी होते. तो धरू नये म्हणून आम्ही एक लेप बनवला. सरकारने तीन वर्षांचा निधी दिला, तेव्हा लेप दिलेल्या अठ्ठेचाळीस काचा आमच्याच गच्चीवर मांडल्या. वारा-पाऊस काय करायचं ते करू दे, माणसाचा हात लागायचा नाही, एवढीच अट.

आईने ती अट अशी पाळली की विचारू नका. बोंबील वाळवायची अर्धी गच्ची सोडली. पोरांचा चेंडू वर आला की गेलाच. ‘माझ्या पोरीचं शिक्षन हाय त्यात,’ म्हणायची.

निधी संपत आला. तो वाढवायचा की नाही हे ठरवायला खात्याचे दोन साहेब येणार होते. नाही म्हणाले तर काम बंद आणि माझी नोकरीही. मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले, तिथेच माझं चुकलं.

त्यांना घेऊन परतले तर गच्ची धुतलेली, काचा लखलखीत. घरी मोठी माणसं येणार म्हणून आईने पहाटेपासून एकेक काच साबणाने पुसली होती. पाहुण्यांआधी घर घासायचं, हे तिच्या हाडातच आहे. तीन वर्षांचा पुरावा साबणाच्या पाण्यात वाहून गेला होता.

साहेब मात्र खूश. ‘तीन वर्षांत खार नाही? कमाल आहे,’ म्हणत लिहायला लागले. आई पदर सावरून कौतुकाने बघत होती. गप्प राहिले असते तर निधी मिळत होता. खरं सांगते, मला गप्पच राहायचं होतं. पण तोच लेप, टिकतो की नाही हे न कळताच, उद्या आमच्याच लोकांच्या छपरांवर चढणार होता.

‘सर, काचा आज सकाळी धुतल्यात,’ मी म्हणाले. ‘माझ्या आईने.’

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. मुदतवाढ मिळणार नाही एवढं सांगितलं आणि चहा न घेता गेले.

आई म्हणाली, ‘खार धरतो का न्हाय ते परत बघाया किती दिस लागतील?’

‘तीन वर्षं.’

तिने खुर्ची ओढली आणि काचांपाशी राखणीला बसली. ‘जा तू,’ म्हणाली. ‘मी हाय इथं.’