गेले असते तर

रविवारची दुपार. चटईवर पडल्या पडल्या हेमलता चौगुलेचे डोळे मिटायला लागलेत, पण छातीवर पालथं ठेवलेलं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक तिच्या हातातून सुटत नाही. उद्या दहावीच्या वर्गाला थर्ड कंडिशनल शिकवायचंच आहे. आठ महिने तिनं हा धडा या ना त्या कारणानं टाळलाय. गडहिंग्लजच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतेय ती, पण आता फळ्यासमोर उभं राहिलं की एकच वाक्य सुचतं. इफ आय हॅड गॉन, शी वुड हॅव लिव्ड. मी गेले असते, तर ती जगली असती.

ती म्हणजे शेवंता, हेमलताची थोरली बहीण. आक्का. आजऱ्याकडच्या आपल्या गावातून तिनं आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी सकाळी फोन केला होता, "हेमे, छातीत जळतंय गं. येतीस काय?" शाळेत तपासणी होती. हेमलता म्हणाली, "रविवारी येते, आक्का." शुक्रवारी आक्का गेली.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. हेमलता वर्गात उभी आहे. बाकं सगळी रिकामी. शेवटच्या बाकावर तेवढी आक्का बसलीय, डोईवर पदर, पुढ्यात उघडी वही. पाय जमिनीला टेकत नाहीत, लहान पोरीसारखे लोंबतायत.

"शिकीव की," आक्का म्हणते. "माझी शाळा चौथीतच सुटली. तुला सांभाळायला घरात कोण न्हवतं."

"आक्का, पण तू तर..."

"ते ठावं हाय मला. फळ्यावर काय लिवलंयस, ते सांग."

हेमलता सांगते, पोरांना सांगायची तसंच. "जे घडलं नाही आणि आता कधीच घडणार नाही, त्याचं हे वाक्य."

"घडलं न्हाई?" आक्का वही मिटते. "मग माझ्या घरात बसलीया ती कोण?"

हेमलताच्या हातात खडू आहे, आणि समोर आक्काची चूल. चुलीवर दूध उतू जातंय, पण आवाज नाही, वासही नाही. चुलीपाशी एक बाई पाठमोरी बसलीय. अंगावर हेमलताचीच शाळेत नेसायची निळी साडी. खांद्याला पर्स. पायांतल्या चपलासुद्धा काढलेल्या नाहीत.

"त्या गुरुवारी आलीस ती तू हाईस," आक्का दबक्या आवाजात सांगते. "तवापासनं गेलीच न्हाईस. रोज मला हलवून उठवतीस. चल आक्का, गाडी उभी हाय, दवाखान्यात जाऊ. दारापतुर नेतीस. आन् दाराबाहेर कायबी न्हाई बघ. मग फिरून पयल्यापासनं."

हेमलता दाराकडे बघते. अंगण नाही, तुळस नाही, वाट नाही. कोऱ्या कागदासारखं नुसतं पांढरं.

"मी आले असते तर तू वाचली असतीस, आक्का."

"वाचले असते का न्हाई, ते मला न्हाई ठावं. तुलाबी न्हाई. मला आता निजायचंय गं हेमे. हिला घिऊन जा."

चुलीपाशी बसलेली बाई मान वळवते. चेहरा हेमलताचाच, पण आठ महिने डोळ्याला डोळा न लागलेला. ओठ हलतायत. तेच वाक्य, परत परत, वर्गात घोकून घेतात तसं.

हेमलताला पळावंसं वाटतं, पण पळायला बाहेर काही नाही. ती खाली वाकते, त्या बाईचं मनगट धरते. गार पडलेलं मनगट.

"चल," हेमलता म्हणते. "आक्काला झोपू दे आता. तू माझ्याकडं ये."

ओठ हलायचे थांबतात. बाई उठते. मागं आक्का भिंतीकडं कूस वळवून आडवी होते, पदर तोंडावर ओढून घेते.

हेमलताला जाग येते तेव्हा चार वाजलेत. पंखा फिरतोय. घरात ती एकटीच. घशाला कोरड पडलीय म्हणून ती पाण्यासाठी उठते आणि दाराशी थबकते.

कडी आतून लावलेली आहे. उंबऱ्याच्या आत तिच्या तपकिरी चपला, आणि शेजारी तशाच चपलांचा दुसरा जोड. तितकाच झिजलेला, डाव्या पायाचा पट्टा तसाच शिवलेला. टाचांना आजऱ्याकडची लाल माती, अजून ओली.

हेमलता खाली बसते आणि दोन्ही जोड ओळीनं लावून ठेवते.