माझी चाळीस माणसं

कंपनीच्या कोणत्या बसने कुठून किती माणसं उचलायची, हे ऐंशी सालाच्या आसपास आमच्या पिंपरीच्या कंपनीत कॉम्प्युटर ठरवू लागला. म्हणजे मीच, कारण प्रोग्राम माझा होता. तो नीट चालला की मला कायम करायचं, असं साहेबांनी कबूल केलं होतं. घरी मी कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

साहेबांची एकच अट. "आधी ट्रायल घ्या, दापोडीच्या बसची. आणि ट्रायलला खऱ्या कामगारांची कार्डं लावायची नाहीत. खोटी माणसं करा."

मी चाळीस माणसं केली. दापोडीकरांची नावं-पत्ते कॉम्प्युटरला सांगणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा काढून कपाटात ठेवला, त्या जागी माझ्या माणसांचा लावला आणि सगळ्यांना पिंपळे सौदागरला राहायला पाठवलं. तिथे मी भाड्याने राहत होतो आणि कंपनीची बस त्या गावाला कधीच येत नसे. त्यामुळे खऱ्याखोट्याची गल्लत होणं शक्यच नव्हतं. या हुशारीवर मी बराच खूश होतो.

ट्रायल बिनचूक झाली. साहेबांनी वडे मागवले. वड्यांच्या गडबडीत दापोडीचा गठ्ठा कपाटातच राहिला.

सोमवारी नेहमीसारखा डबा घेऊन दापोडीला बस पकडायला निघालो, तर बसच आमच्या वेशीवर उभी. ड्रायव्हर हातातला लांबलचक कागद बघत होता.

"तुमचं नाव न्हाई यात. पण बसा. ही चाळीस माणसं आली की निघू."

"ती येणार नाहीत हो."

"कागदावर हायत म्हणल्यावर येतीलच की!"

खरं सांगावं, तर कायम व्हायचं राहतं. म्हणालो, "आजारी आहेत."

"चाळीसच्या चाळीस?"

"साथ आलीय."

त्याने आधी खिडकीची काच लावली, मग गाडी सुरू केली.

गेटवर दापोडीकर पोचत होते. कुणी लोकलने, कुणी चालत, सगळे घामाघूम. त्यांच्यासमोर रिकाम्या बसमधून मी एकटा उतरलो. साहेबही तिथेच होते. त्यांनी ड्रायव्हरकडून कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"प्रोग्राममध्ये काही चूक नाही," ते म्हणाले.

प्रोग्राम त्याच दिवशी कायम झाला. मी सहा महिन्यांनी.

तोवर रोज दापोडीचीच बस. एखादी जागा रिकामी दिसली म्हणून मी पुढे सरकलो, की कुणीतरी हात आडवा घालायचा.

"थांबा राव! तिथं तुमचा माणूस बसलाय."