कोरड्या बुशात तेल

त्या भट्टीचं दार आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मेहकर भागात मी ठाणेदार होतो. नांगराचे फाळ तापवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीचं वजनदार दार अर्ध्यावर अडकलं. मजूर पहार लावून सोडवायला गेला आणि दार त्याच्यावर कोसळलं. माणूस जागीच गेला. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

अंत्यविधी उरकतो न उरकतो तोच आमच्या खबऱ्यानं कान भरले. "साहेब, फिटरनं दाराचे पितळी बुश भंगारात इकले अन् तिथं कोयशाचे बसोले." बुश म्हणजे दाराचा शाफ्ट ज्यात फिरतो ती जाड कडी. भंगारवाल्यानं दुजोरा दिला, कारखान्याच्या सेठनं फिर्याद दिली. मी फिटरला त्याच्या वस्तीतून उचललं. सगळी आळी बघत होती.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "जुना बुश फिटरचाच असते साहेब, सेठले इचारा. अन् नवे म्या नाही निवडले, भट्टीवाल्या इंजिनिअरनं देल्ले."

"मग दार का अडकलं?"

"मले काय मालूम? म्या तं नागपूरले होतो."

ते खरं होतं. खंडेनवमीच्या आधीच तो दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीला गेला होता आणि परतायच्या आत दार पडलं होतं. जुन्या बुशांबद्दल सेठला विचारलं, तर म्हणे, "मले नाही आठवत." सराईत चोर परवडला, तो खोटं बोलतो हे आपल्याला ठाऊक असतं. प्रतिष्ठित माणूस नुसता विसरतो.

मी त्या इंजिनिअरला बोलावलं आणि पंचांसमोर शाफ्ट उघडवला.

"पितळी बुशाला तेल लागतं," तो म्हणाला, "आणि एवढ्या आचेला तेल जळून बुश शाफ्टला धरतो. म्हणून आम्ही ग्राफाइटचे दिले, ज्यांना तुमची माणसं कोळशाचे म्हणतात. ते कोरडेच चालतात. त्यात तेल पडलं, तर भुकटीचा चिखल होतो आणि भाजून दगड बनतो."

त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. काळी खपली खाली पडली. "यात तेल कुणी ओतलं?"

भोवतीचे कामगार एकेक करून आपापल्या कामाला लागले. उत्तर मिळालं ते मजुराच्या विधवेच्या जबाबात.

"खंडेनवमीले सेठनं सोताच्या हातानं सगळ्या मशिनीले तेल घातलं. आमचे हे त्याले म्हणले, या दाराले तेल चालत नाही, फिटरभाऊ बजावून गेला. तं सेठ म्हणे, पूजेच्या दिवशी कोनाले कोरडं ठेवू नाही बे. घरी येऊन हेच सांगत होते मले."

मग कामगारांचीही तोंडं उघडली; जुने बुश नेहमी फिटरलाच मिळतात, हेही त्यांनी सांगितलं. सेठला पुन्हा समोर बसवलं.

"तेल घालनं गुन्हा हाय काय साहेब?"

"नाही. पण ते दडवून दुसऱ्याला कोठडीत बसवलंत."

त्यानं वकिलाला फोन लावला. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला आणि जामीनही लगेच झाला.

फिटरला सोडताना तो म्हणाला, "सुटलो हे तुमच्या कागदाले मालूम, साहेब. आळीले कोन सांगन?"

"मी सांगतो," म्हणालो. त्याला जीपमध्ये घालून वस्तीत नेलं आणि चौकात उभं राहून मोठ्यानं सांगितलं की याचा काही दोष नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी वळलो, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ठाणेदाराले किती देल्ले असन बे यानं?"

मला भयंकर संताप आला, पण कुणाच्या कानाखाली वाजवणार होतो? एका खबऱ्याच्या शब्दावर माणूस चोर ठरतो आणि ठाणेदारानं जाहीर सांगूनही तो धुतला जात नाही, हे मी त्या चौकात शिकलो. फिटरला तालुक्यात कुणी कामावर ठेवलं नाही. दिवाळीआधीच तो बायकामुलांना घेऊन जालन्याला निघून गेला.