त्याच्या वाटची दहीसाखर

आमच्या लालबागच्या चाळीत घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय आई कुणाला सोडत नाही. आमचा छोटा पॉमेरेनियनही तिला घरातलाच. गिरगावला ताईकडे निघालो की ती त्यालाही वाटीभर दहीसाखर चाटवायची, आणि तो टॅक्सीत थरथरत सगळं ओकायचा. शेजारी म्हणायचे, “कुत्रंच ते, घरी ठेव.” का ठेवू? तुम्ही बहिणीकडे जाताना पोरांना घरी ठेवता का?

डॉक्टरांनी सांगितलं, निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला देऊ नका, आणि टोपलीची सवय लावा. मी टोपलीत माझा जुना गाऊन अंथरला आणि ती पलंगाखाली उघडी ठेवली. आठवड्याभरात तो आपणहून आत झोपायला लागला. मग त्याला टोपलीसकट रोज टॅक्सीनं परळपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. गॅलरीतली माणसं हसली. मी हसू दिलं.

गिरगावला जायच्या दिवशी आई वाटी घेऊन दारातच उभी राहिली.

“त्याला नाही,” मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. “रिकाम्या तोंडानं कुणी घराबाहेर पडतं का?”

मी वाटी हातात घेतली. माझ्या वाटचं खाल्लं, त्याच्या वाटचंही खाल्लं.

ताईच्या दारात तो शेपटी हलवत टोपलीतून उतरला. तिच्या शेजारणीनं ऐकवलं, “काय बाई, कुत्र्याचे लाड.”

“आहेतच लाड,” मी म्हटलं.

टॅक्सीत मळमळलं ते मला. पण हे आईला मी मरेपर्यंत सांगणार नाही.