शत्रूवर टाकायचा डोंगर

वेधशाळेत तिला सगळे दगडूताई म्हणत, अगदी तोंडावर. पृथ्वीच्या आसपास फिरणाऱ्या दगडांच्या वाटा मांडणं हेच तिचं काम, त्यामुळे तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. घरी सासूबाई विचारायच्या, "आज एखादा पडतोय का गं? नाहीतर कपडे आत घेते."

एके दिवशी संरक्षण खात्यातले एक कर्नल आले. चहा नको म्हणाले, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "असा एखादा दगड शत्रूवर टाकता येईल का?"

तिला हसू फुटणार होतं. पण कर्नल हसत नाहीत हे पाहून तिने ते गिळलं आणि थोडी मुदत मागितली.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "येईल." कर्नलांची कळी खुलली. "डोंगराएवढा दगड हवा. तिथवर यान न्यायचं, हळूहळू ढकलत राहायचं. वीसेक वर्षांत पोचेल."

"वीस वर्षं? लवकर नाही होणार?"

"लवकर ढकलायला जेवढी ताकद लागेल, तेवढ्यात तुमचं युद्ध साध्या बाँबवर उरकेल. शिवाय लपवता येणार नाही. दुर्बीणवाले सगळे हौशी लोक बघत बसतील. आणि पृथ्वी फिरते ना! दगडाला अर्धा तास उशीर झाला, तर शत्रू पुढे सरकलेला आणि खाली आपण."

"म्हणजे आपल्याच पायावर धोंडा," कर्नल गंभीरपणे म्हणाले. आपण विनोद केला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "तरी त्यातल्या त्यात सोयीचा कोणता?"

तो कोणता, हे तिला पाठ होतं. तो तिनेच शोधला होता. नवरा दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता, तेव्हा तो सापडल्याचं तिने सगळ्यांत आधी त्यालाच फोनवर सांगितलं होतं. "वा!" तो म्हणाला होता, "सांभाळ त्याला."

तिने दुसऱ्याच दगडाचा नंबर सांगितला. आवाज जराही हलला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

वरच्या साहेबांनी कर्नलांना विचारलं, वीस वर्षांनी आपला शत्रू कोण असेल? ते कुणालाच सांगता येईना. प्रकरण तिथेच बारगळलं. पुढे त्याच शत्रूशी तह झाला आणि तिकडचे एक शास्त्रज्ञ वेधशाळा बघायला आले. चहा पिताना हळूच म्हणाले, "आमच्याकडेही लष्करवाले विचारून गेले."

"मग? कोणता सांगितलात?"

त्यांनी नंबर सांगितला. तोच, तिने कर्नलांना सांगितलेला.

"पण त्याहून सोयीचा एक होता," ती म्हणाली.

"होता. पण तो तुम्ही शोधलेला. बरं दिसलं नसतं."

दगडूताईने त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मग दोघं दुर्बिणीकडे गेले, कारण तिची मोटर गेले दोन दिवस कुरकुरत होती आणि पाहुण्यांना त्यातलं कळत होतं.