तुटलो तरी गाठ मारू

कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. शर्टाला कॉलर लावायची म्हणून ती कॉलरवाली. शेजारच्या मशीनवर काजं करायची ती काजवाली. आणि घड्यांच्या टेबलावर नुकतीच लागलेली कॉलरवालीची मुलगी, ती कॉलेजवाली. पदवी घेऊन घड्या घालते म्हणून निम्मं कौतुक, निम्मी थट्टा.

कॉलरवाली भारी घाबरट. मुलगी जराशी उशिरा आली तरी ही दारात येऊन उभी. मॅनेजरसाहेबांनी शिवणखोलीला कामाच्या वेळात बाहेरून कुलूप घालायचं फर्मान काढलं, तेव्हा सगळ्या जणी करवादल्या. ही खाली मान घालून कॉलरी लावत राहिली. त्याच दिवशी तिचा दोरा तुटला. नव्या रिळाचं टोक तिनं जुन्याला बांधलं, हलक्या हातानं सुईपर्यंत ओढून घेतलं आणि सवयीनं पुटपुटली, "तुटलो तरी गाठ मारू."

"काय म्हणालीस?" काजवाली मशीनच्या आवाजावर ओरडली. "परत म्हण!"

सुट्टी होईपर्यंत ती ओळ खोलीभर झाली. मग खेळच सुरू झाला. जिची शिवण संपेल तिनं एक ओळ जोडायची आणि शेवट सगळ्यांनी मिळून करायचा. बोलायला बंदी होती, पण एवढ्या खडखडाटात कुणाचं तोंड हललं हे ओळखणार कोण?

घरी जेवताना मुलगी त्या ओळी लावू लागली. खोलीतल्या ओळी सांगायला काजवाली मुद्दाम आली होती. कॉलेजवालीला घास गिळायची फुरसत नव्हती.

"आई, दार बोलतंय, सुई बोलतेय! चेतनगुणोक्ती आहे ही!"

"शाळेत माझे मार्क गेले होते त्यात," आई म्हणाली. "जेव आधी."

"पण कुलूप कशाला बोलतंय?" काजवालीनं विचारलं. "सरळ मॅनेजर म्हणतो असं घाल की!"

"डोकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली. "कुलूपच बोलू दे. कुलपाला कोण कामावरून काढणार आहे?"

मुलगी ताटावरून उठलीच. "आई! अगं, तू घाबरून म्हणालीस, पण कविता तिथंच उभी राहिली बघ! मॅनेजरचं नाव घातलं असतं तर ती त्याच्यापुरतीच उरली असती. आता जिथं जिथं कुलूप आहे, तिथं तिथं ती चालेल."

आईला आनंद झाला आणि लगेच धडकीही भरली. कारण पोरीच्या डोळ्यांत काय चमकतंय, ते तिनं ओळखलं होतं.

तेच झालं. कारखान्याच्या वर्धापनदिनाला कविता म्हणायला पोरीनं नाव दिलं. मॅनेजरनं कागदावरून नजर फिरवली. "सुई-दोऱ्यावर आहे होय? छान. मालक खूश होतील." आईची मात्र अन्नावरची वासनाच उडाली. घर दोघींच्या पगारावर चालत होतं आणि एका कवितेपायी दोघींनाही घरी बसावं लागलं असतं. पण पोर मागे हटेना. आरशासमोर रोज ती कविता म्हणायची, आणि दाराआड उभी राहून आई ऐकायची.

समारंभ पॅकिंगच्या हॉलमध्ये होता. पुढच्या खुर्चीत मालक, शेजारी मॅनेजर, मागे सगळ्या जणी. पोर माइकपुढे आली.

"दार म्हणतं, बस खाली,
सुई म्हणते, चल पुढे.
कुलूप म्हणतं, तोंड मीट,
दोरा म्हणतो..."

आणि थांबली. आईला वाटलं, विसरली! पण पोर हसत होती, सरळ मागच्या रांगांकडे बघत होती. आईला लख्ख कळलं. ध्रुवपद हिनं मुद्दाम सोडलंय. ती ओळ एकीची नव्हतीच कधी, ती सगळ्यांनी म्हणायची होती.

हॉलमध्ये चिडीचूप. काजवाली चपलेकडे बघायला लागली. पोरीचं हसू हळूहळू विरलं. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकला. माइकपुढे पोर एकटी, अगदी एकटी!

कॉलरवालीचा पाय आपसूक खाली दबला, मशीनच्या पायट्यावर दबावा तसा. घसा कोरडा पडला होता. तरी आवाज निघाला, चिरका, फाटका.

"तुटलो तरी गाठ मारू!"

"गाठ मारू!" काजवाली उसळली. मागून दोघी, मग रांग, मग सगळा हॉल. पोर आता जवळजवळ नाचतच होती.

"भिंत म्हणते, वाट नाही,
काज म्हणतं, इथून ये.
अंधार म्हणतो, मीच राहीन,
दोरा म्हणतो..."

"तुटलो तरी गाठ मारू!" पत्रे हादरले. काजाची ओळ काजवालीची, ती शेजारणींना कोपरानं ढोसून सांगत होती, "माझी! ती माझी!"

टाळ्या थांबल्यावर मालकांनी मान वळवली. "कविता झकास. पण हे कुलूप कुठलं हो?"

मॅनेजरचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"साहेब," काजवाली मागून गोड आवाजात म्हणाली, "चेतनगुणोक्ती आहे ती!"

हॉल खदखदला. मालक मात्र हसले नाहीत. उठले आणि म्हणाले, "चला, शिवणखोलीचं दार दाखवा मला."

ते निघाले तशी पोर धावत आईकडे आली. आईनं तिचा दंड घट्ट धरला, सुटून जाईल की काय असा.

"शेवट आमच्यावर सोडणार म्हणून आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"आले असते," आई म्हणाली. "पाणी पिऊन आले असते."